काऊचं घर वाहून गेलं की माझा मुलगा हसतो

सुरंगी (फोंडा)

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथं नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच विचारते.

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, केजीत जातो. गेल्या आठवड्यात त्याच्या वर्गातली एक मुलगी पायरीवरून घसरली, गुडघा चांगलाच सोलवटला. बाकी मुलं गप्प झाली आणि हा खदखदून हसला. सुटल्यावर टीचरनी मला फाटकाजवळ थांबवून सांगितलं, "याला दुसऱ्याचं काही वाटतच नाही." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. भाजी चिरताना, स्कूटर चालवताना तेच ऐकू येतं.

मी रोज रात्री त्याला गोष्ट सांगते. कामावरून यायला साडेसहा होतात, जेवणखाण आटोपेपर्यंत नऊ. मग वीस मिनिटं आमची दोघांची. चिऊ-काऊ ही त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट, पण पावसात काऊचं शेणाचं घर वाहून गेलं की तो टाळ्या पिटून हसतो! शेवटी मी तात्पर्य सांगते, तेही त्याला पाठ आहे. "अडचणीत असलेल्याला मदत करावी" असं घडाघडा म्हणतो आणि पुढच्या क्षणी मांजराची शेपटी ओढतो.

गोष्टी सांगून मुलांना दुसऱ्याचं दुःख कळायला लागतं असं सगळे म्हणतात. ते खरंच होतं का? की मी सांगते आहे त्यातच काही चुकतंय? आणखी एक. घरात आम्ही कोकणी बोलतो, गोष्टी मी मराठीतून सांगते कारण माझ्या आईनं मला मराठीतूनच सांगितल्या, आणि शाळा इंग्रजी. या तीन भाषांच्या गोंधळात त्याच्यापर्यंत काही पोचत नसेल का?

अबोली

सुरंगीबाय, आधी त्या वाक्याचं ओझं उतरवा. माझी मुलगी चार वर्षांची असताना तिचे आजोबा न्हाणीघरात घसरले तेव्हा हसली होती. रात्री झोपेत मात्र "आजो पडलो, आजो पडलो" म्हणून रडत उठली. कधीकधी मुलं घाबरून हसतात. आज नऊ वर्षांची आहे, आजोबांची काठी कुठं आहे ते घरात तिलाच ठाऊक असतं.

बाई_सत्तरी

सुरंगीबाय, मी एकतीस वर्षं बालवाडीत शिकवलं, शेवटची बरीचशी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. २०२३ साली निवृत्त झाले. तुमचा प्रश्न वाचला आणि एक सकाळ डोळ्यांसमोर आली, ती आधी सांगते.

२०२१च्या जुलैत म्हादई नदीला पूर आला होता, आठवत असेल. सत्तरीत कितीतरी मातीची घरं पडली. तेव्हा महामारीमुळे बालवाड्या बंद होत्या. मुलं माझ्यासमोर आली ती दुसऱ्या वर्षी. २०२२चा जून, बाहेर धो धो पाऊस, पत्र्यावर असा आवाज की मला ओरडून बोलावं लागत होतं. अशा दिवशी चिऊ-काऊशिवाय दुसरी गोष्ट सुचणार कुठली? मी सांगायला लागले. काऊचं घर शेणाचं, ते गेलं वाहून, आणि सगळा वर्ग हसला. दरवर्षी हसतो. 'शेणाचं घर' हे शब्दच मुलांना गंमतीचे वाटतात. तुमचा मुलगा हसतो तो तिथं हसतो, काऊच्या दुःखाला हसत नाही. ते दुःख त्याच्यापर्यंत अजून आलेलंच नाही.

त्या दिवशी एक मुलगी हसली नाही. दुसऱ्या ओळीत बसायची, फार बोलायची नाही. ती म्हणाली, "आमचेंय घर पडिल्लें."

आमचंही घर पडलं होतं. मला पुढं काय बोलावं ते सुचेना. माझ्या हातात पुठ्ठ्याची चिमणी होती, ती तशीच राहिली. वर्ग एकदम शांत. आणि मग सगळ्यात मोठ्यानं हसणारा जो मुलगा होता, तोच वळून तिच्याकडे बघत म्हणाला, "मागीर तुमी खंय न्हिदलीं?"

मग तुम्ही झोपलात कुठं?

ती म्हणाली, "मावशेगेर. मांजर मात सांपडलें ना."

त्यानंतर गोष्ट राहिली बाजूलाच. अर्धा तास मुलं त्या मांजराबद्दल बोलत होती. ते झाडावर चढलं असेल. नाही, ते पोहत गेलं असेल. त्याला कुणीतरी पेज घातली असेल. एकानं विचारलं, त्याला तुमचं नवं घर कसं कळणार? मी गप्प राहून ऐकत होते. एकतीस वर्षांत मी घेतलेला सगळ्यात चांगला पाठ तो, आणि त्यात माझं काम एवढंच होतं की मी मध्ये बोलले नाही.

तेव्हापासून मी गोष्ट सांगायची पद्धत बदलली. माझी उरलेली नोकरी जेमतेम वर्षाची होती, तरी बदलली. आधी मीही तुमच्यासारखीच गोष्ट संपवून तात्पर्य सांगायची. आमच्या वर्गाच्या भिंतीवर ती तात्पर्यं रंगवलेलीसुद्धा होती.

आता मी थांबते. कुठं, तर दार उघडायच्या आधी. काऊ दारात आहे, चिऊ आतून म्हणते आहे, "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते." बस्स, तिथं थांबायचं. पण "काऊला काय वाटलं असेल?" असं विचारू नका. त्याला एकच उत्तर येतं, "वाईट". तो शब्द मुलांना आपणच शिकवलेला असतो, तो म्हटला की सुटका. मी विचारायची, "काऊ आता दारात काय करतोय?" मग मुलं उठतात. अंग चोरून उभी राहतात, हात काखेत घालतात, दात वाजवतात. एक मुलगा डोक्यावर दोन्ही हातांचं छप्पर करून बराच वेळ उभा राहिला होता. अंगानं जे समजतं ते मुलांना तोंडी सांगावं लागत नाही.

आणि पाळी बदला. आमच्याकडे दार म्हणून एक चटई आडवी धरत असू. चिऊ व्हायला सगळे तयार असतात, कारण चिऊच्या हातात दार असतं. चिऊ झालेली मुलं कारणं किती काढतात! "थांब, बाळाला पेज भरवते." "थांब, गॅस आला." "थांब, फोन आलाय." एकदा काऊ झालेला मुलगा ऐकून ऐकून कंटाळला आणि म्हणाला, "हांव वतां," आणि खरंच जाऊन कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला. चिऊ झालेली मुलगी चटईच्या वरून बघत राहिली. मग चटई टाकून त्याच्यामागं गेली आणि त्याच्या शेजारी बसली. बोलली काहीच नाही. मीही त्यावर काही बोलले नाही, आणि ते बरं केलं असं मला आजही वाटतं.

तात्पर्याबद्दल माझं मत आता पक्कं आहे. गोष्ट ऐकताना मूल काऊच्या सोबत पावसात उभं असतं. आपण तात्पर्य सांगितलं की ते पावसातून उठून पुन्हा आपल्यासमोर पाटावर येऊन बसतं आणि आईला हवं ते उत्तर देतं. तुमचा मुलगा हुशार आहे, त्यानं ते उत्तर पाठ केलंय. महिनाभर तात्पर्य बंद ठेवून बघा. गोष्ट संपली की दिवा मालवा. त्याला काही म्हणायचं असेल तर अंधारात म्हणेल.

जुन्या गोष्टींबरोबर आपल्या वाड्यावरच्या गोष्टीही सांगा. माझ्या वर्गात एके वर्षी कर्नाटकातून आलेल्या कामगारांची एक मुलगी होती. घरी कन्नड, इथं कोकणी आणि मराठी. दोन महिने तिनं तोंड उघडलं नाही, आणि मुलांनी तिचं नाव 'मुकी' ठेवलं. रागावून काही झालं नाही. मग मी एक गोष्ट रचली. आपल्याच गावातली एक मुलगी बसमध्ये झोपते आणि जागी होते ती अशा गावात, जिथं कुणाचंच बोलणं तिला कळत नाही. त्या गावच्या लोकांचं बोलणं मी वाटेल ते आवाज काढून करायची. ती मुलगी पाणी मागते तर कुणी छत्री आणून देतं, कुणी केळं. मुलं पहिल्यांदा हसली. तिसऱ्यांदा तिला पाणी मिळालं नाही तेव्हा एक जण रागानं म्हणाला, "तिका उदक दी गे कोणें तरी!" मग मी आमच्या त्या मुलीकडे वळून विचारलं, तुझ्याकडे पाण्याला काय म्हणतात? ती अगदी हळू म्हणाली, "नीरु." डबा खायच्या वेळी चार जण तिच्याकडे "नीरु, नीरु" करत आले. ती लगेच बोलायला लागली असं काही झालं नाही, दिवाळी उलटावी लागली. पण तिच्या शेजारची जागा त्यानंतर रिकामी राहिली नाही.

भाषेची काळजी तर सोडूनच द्या. गोष्ट मराठीतून सांगा, ती तुमच्या आईची ठेव आहे. पण थांबून जे विचारायचं ते कोकणीतून विचारा, कारण लागलं-खुपलं की तो कोकणीतूनच रडत असणार. आमच्या वर्गात अर्धी गोष्ट अशीच व्हायची, मी मराठीतून आणि मुलं कोकणीतून, कधी कुणाचं अडलं नाही.

आणि मांजर. "ओढू नको" म्हणण्यापेक्षा त्याचा हात धरून मांजराच्या कानामागं ठेवा आणि ते डोळे मिटतं ते त्याला बघू द्या. हे रोज करा.

कुळागर

बाईंचं वाचून हात जोडले. मी बालविकास हा विषय शिकवतो, म्हणून सुरंगीताईंच्या "खरंच होतं का?" या प्रश्नापुरतं लिहितो.

दुसऱ्याची आवड आपल्यापेक्षा वेगळी असू शकते हे मुलांना आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी आधी कळतं. १९९७ साली बेट्टी रेपाचोली आणि अ‍ॅलिसन गॉपनिक यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बाळासमोर दोन वाट्या, एकीत खारी बिस्किटं, दुसरीत कच्ची ब्रोकोली. बाळांना अर्थात बिस्किटं आवडायची. प्रयोग करणारी बाई मात्र बिस्किट खाऊन तोंड वाकडं करायची आणि ब्रोकोली खाऊन खूश व्हायची. मग हात पुढं करून म्हणायची, मला थोडं दे. चौदा महिन्यांची बाळं तिला बिस्किटच द्यायची. अठरा महिन्यांची ब्रोकोली द्यायची, स्वतःला आवडत नसताना.

दुसऱ्याच्या डोक्यात काय आहे हे ओळखणं मात्र त्याहून अवघड. १९८३ साली विमर आणि पेर्नर यांनी मुलांना एक छोटी गोष्ट सांगितली. एक मुलगा कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो, मागं आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. मुलगा परत येऊन कुठं शोधेल? तीन वर्षांची मुलं सहसा चॉकलेट जिथं खरंच आहे ते कपाट दाखवतात. आपल्याला ठाऊक आहे ते त्यालाही ठाऊक असणार, असं त्यांना वाटतं. चार ते पाचच्या दरम्यान हे बदलायला लागतं. म्हणजे सुरंगीताई, तुमचा मुलगा नेमका त्या उंबऱ्यावर आहे. घरी करून बघायचं असेल तर बिस्किटांच्या डब्यात दुसरंच काही ठेवा, त्याला उघडून दाखवा, बंद करा आणि विचारा, "पपांनी हा डबा बघितला तर आत काय आहे असं त्यांना वाटेल?" ही परीक्षा समजू नका. उत्तर चुकलं तर फक्त एवढंच कळतं की अजून वेळ आहे.

आता गोष्टींकडे येतो. २०१० साली टोरांटोतल्या रेमंड मार आणि सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांची मुलं तपासली. ज्या घरांतल्या पालकांना मुलांच्या गोष्टींची पुस्तकं जास्त ओळखता आली, तिथल्या मुलांना दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं जास्त जमत होतं. टीव्हीचा तसा संबंध दिसला नाही. यावरून पुस्तकांमुळंच ते झालं असं ठामपणे म्हणता येत नाही, कारण अशा घरांत बोलणंही जास्त असतं. पण मला वाटतं खरी मेख त्या बोलण्यातच आहे. २०१३ साली सेलिया ब्राउनेल यांच्या गटानं दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना आईवडील चित्रांची पुस्तकं कशी दाखवतात ते पाहिलं. चित्रातल्या माणसाला काय वाटतंय, का वाटतंय, हे पालक स्वतः सांगत बसले त्याचा उपयोग दिसला नाही. जे पालक मुलालाच ते सांगायला लावत होते, त्यांची मुलं मदत करण्यात आणि वाटून घेण्यात पुढं होती. बाई सत्तरीत जे करत होत्या ते हेच.

प्राण्यांच्या गोष्टींबद्दल एक गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल. टोरांटोतच २०१७ साली चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून खाण्याची एकच गोष्ट दोन तऱ्हांनी वाचून दाखवली, काहींना माणसांची पात्रं घालून, काहींना कपडे घातलेले प्राणी घालून. नंतर मुलांना स्टिकर दिले. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी आधीपेक्षा जास्त स्टिकर दुसऱ्या मुलांसाठी काढून ठेवले, प्राण्यांची ऐकलेल्यांनी उलट कमी. पण प्राणी आपल्यासारखेच असतात असं ज्या मुलांना वाटत होतं, त्यांनी प्राण्यांच्या गोष्टीनंतरही जास्त दिले. म्हणून चिऊ-काऊ टाकून देऊ नका. मुलाला काऊ होऊन दारात उभं करा, आणि अधूनमधून बसमधल्या मुलीसारखी माणसांचीही गोष्ट येऊ द्या.

आजो_मांद्रे

बाईंचा अनुभव मोठा आहे, तरी तात्पर्याबाबत माझं मन पूर्ण मानत नाही. आमच्या आजीनं गोष्टीच्या शेवटी सांगितलेले चार शब्द मला सत्तर वर्षं पुरले आहेत. ते तेव्हा समजले नव्हते, पुढं आयुष्यात ठेच लागली तेव्हा आठवले. लहानपणी पाठ झालेलं वाया जातं असं मला वाटत नाही.

पण वाईट माणसाच्या बाजूनंही मुलाला बघू द्यावं, हे मला माझ्या नातवानं शिकवलं. आमच्या देवळाच्या जत्रेला दशावतार असतो. नातू पाच वर्षांचा, मांडीवर बसून बघत होता. संकासुर आला, काळा बुरखा, लांब लाल जीभ. हा माझ्या पंच्यात तोंड खुपसून बसला. संकासुर मेला तेव्हा सगळ्यांबरोबर यानंही टाळ्या वाजवल्या. पहाटे निघताना हट्ट धरला की मला तो राक्षस बघायचा. रंगपटात घेऊन गेलो. तो माणूस बुरखा बाजूला टाकून, घामानं निथळत चहा पीत बसला होता. नातू त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि विचारलं, "तुका लागलें?"

तो माणूस कप खाली ठेवून म्हणाला, "ना रे बाबा. पूण अशें आयज मेरेन कोणें विचारूंक नाशिल्लें." पण असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

घरी येताना मोटरसायकलवर मी काही बोललो नाही. तात्पर्य सांगायची तेव्हा मलाही इच्छा झाली नाही, हे खरं.

सुरंगी (फोंडा)

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमा करा. सगळ्यांचं लिहिलेलं मी दोनदोनदा वाचलं, बाईंचं तर नवऱ्यालाही वाचून दाखवलं.

आधी डब्याचं सांगते. आमच्याकडे बटर बिस्किटांचा निळा डबा आहे, त्यात मी पपांच्या नकळत शिवणाचं सामान ठेवलं. त्याला उघडून दाखवला आणि विचारलं, पपांना काय वाटेल? "सुयो!" म्हणाला, अगदी खात्रीनं. म्हणजे अजून उंबऱ्याच्या अलीकडे. कुळागर यांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून मी घाबरले नाही, उलट त्या टीचरच्या वाक्याचा काटाच निघाला. पडलेल्या मुलीला आतून काय होतंय, ते याला अजून दिसतच नाही!

तात्पर्य बंद केलं. पहिले चार दिवस त्यानंच मागितलं, "मम्मी, तें निमाणें सांग," म्हणजे ते शेवटचं. मी दिवा मालवला.

आता आम्ही पलंगाच्या चादरीचं दार करतो. तो चिऊच होतो, मला काऊ केलं आहे. मी बाहेर गारठून उभी आणि आतून कारणांवर कारणं. आठवडाभर त्यानं मला आत घेतलंच नाही, मीही गुपचूप उभी राहिले. परवा त्याला म्हटलं, आज तू काऊ. जरा कुरकुरला, पण झाला. मी आतून म्हटलं, "थांब, माझ्या बाळाला तीट लावते." बाहेरून आवाज नाही. पुन्हा म्हटलं, "थांब, बाळाला झोपवते." तरी आवाज नाही. चादर वर केली तर हा जमिनीवर बसलेला, हाताची घडी, ओठ काढलेला. म्हणाला, "हांव भिजलां." मी त्याला आत घेतलं आणि खरोखरच टॉवेलनं डोकं पुसलं.

मांजराच्या कानामागं हात ठेवायचं रोज चाललं आहे. शेपटी अजून ओढतो, अधूनमधून. काल ओढली आणि मांजर पलंगाखाली गेलं, तर हा पोटावर पालथा पडून खाली बघत बराच वेळ तिथं होता. मी स्वयंपाकघरातून विचारलं, काय करतोस रे? म्हणाला, "हळू उलय. तें भियेलां." हळू बोल, ते घाबरलंय.